सफारी झोनमध्ये दगड मारू नका, भावांनो

रंकाळ्याच्या कठड्यावर बसून पुतण्या ‘पोकेमॉन रेड’ हा पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचा व्हिडिओ गेम खेळत होता. समोर चॅन्सी हा दुर्मिळ पोकेमॉन आला आणि गड्यानं सरळ दगड हाणला. पुढच्याच क्षणाला तो पळाला, पोराचा चेहरा पडला. म्हणून सांगतो.

गेममधल्या फ्युशिया सिटी या गावात सफारी झोन म्हणजे पोकेमॉन पकडायचं राखीव रान आहे. तिथं 500 रुपये (गेममधले, आपले नव्हेत) भरले की 30 सफारी बॉल (पोकेमॉन पकडायचे चेंडू) आणि 500 पावलं मिळतात. आपला पोकेमॉन तिथं लढत नाही. दगड मारला तर पकडायची शक्यता दुप्पट होते, पण चिडलेला प्राणी पळायची शक्यताही दुप्पट. आमिष टाकलं तर तो थांबतो खरा, पण पकडणं तितकंच अवघड होतं. म्हणजे एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं. त्यापेक्षा पहिल्या डावापासून सरळ बॉलच फेकत राहा. माझ्या मते हाच खरा उपाय, विशेषतः टॉरससारख्या चपळ जनावरासमोर. वेग जास्त तेवढं पळणं जास्त.

बॉल फेकताना पावलं खर्च होत नाहीत, चालताना होतात. त्यामुळं पहिल्या फेरीत शिकार बाजूला ठेवा. आत शेवटपर्यंत जाऊन पडलेले सोन्याचे दात आणि तिथल्या गुप्त घरातलं ‘सर्फ’ (पाण्यावरून जायची चाल) घ्या, दोन्ही पुढं गेममध्ये लागतात. चॅन्सीसाठी दुसऱ्यांदा या.