रिटर्नचा माल आधी बघा : लिथियम बॅटरीच्या गोडाऊनमधला माझा अनुभव

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर मी साकीनाक्याच्या एका गोडाऊनमध्ये इनवर्डच्या, म्हणजे येणाऱ्या मालाच्या नोंदीच्या टेबलावर लागले. पॉवर बँक, ई-स्कूटरचे पॅक, सुटे १८६५० सेल (बोटाएवढे गोल लिथियम-आयन सेल) असा माल यायचा. खोक्यांवर धोकादायक मालाच्या वर्ग ९ चं काळ्या पट्ट्यांचं लेबल आणि यूएन ३४८० किंवा ३४८१ असा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक असायचा. ३४८० म्हणजे नुसत्या बॅटऱ्या, ३४८१ म्हणजे उपकरणात बसवलेल्या किंवा उपकरणासोबत पॅक केलेल्या. हे मी पहिल्याच आठवड्यात पाठ केलं आणि काम समजलं असं मला वाटलं. नजर कुठे ठेवायची, हे मात्र आमच्या मुकादमांनी शिकवलं.

गिऱ्हाइकांकडून परत आलेला माल शटरच्या आत, पुठ्ठ्याच्या रद्दीला लागून पडायचा. जूनमधली एक सकाळ. मुकादम म्हणाले, "ताई, ह्या खोक्याला हात लावून बघा. कोमट लागतंय." खोकं चार्जरला लावलेलं नव्हतं, त्यावर ऊनही नव्हतं. मी ते उघडलं. ही माझी चूक होती, तुम्ही ती करू नका. आत स्कूटरचा पॅक फुगलेला होता आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येत होता. आम्ही तो हँड पॅलेटवर ठेवून उघड्या आवारात, टेम्पोंपासून लांब नेला. धूर नव्हता, म्हणूनच नेला. धूर किंवा फुसफुस आवाज सुरू झाला असता तर माणसं बाहेर काढणं एवढंच काम उरलं असतं. पाऊण तासाने त्यातून धूर आला आणि मग ज्वाळा. पावडरचं सिलिंडर मारलं, आग विझली, आणि थोड्याच वेळात पुन्हा पेटली. शेवटी होजच्या पाण्याने ती आटोक्यात आली. १०१ ला फोन आधीच केला होता.

ती पुन्हा का पेटली, हे नीट समजून घ्या. सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. साधारण १३० अंश सेल्सिअसला तो वितळू लागतो, आत शॉर्ट होतो, आणि तिथून पुढे सेल स्वतःच स्वतःला तापवतो. शेजारचा सेल त्याच उष्णतेने जातो, मग त्याच्या पलीकडचा. पावडर ज्वाळा मारते, पण पॅकच्या पोटातली उष्णता तशीच राहते. ती पाण्यानेच उतरते, आणि पाणीही भरपूर लागतं. 'लिथियमवर पाणी टाकायचं नाही' असं नव्या मुलामुलींना हमखास सांगितलं जातं. ते लिथियम धातूबद्दल खरं आहे, लिथियम-आयनच्या पॅकसाठी नाही. चार्जिंग चालू असेल तर मेन स्विच मात्र आधी बंद करायचा. धुरात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि विषारी हायड्रोजन फ्लोराइड असतो. त्यामुळे वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा. आणि संशयित पॅक लोखंडी कपाटात कोंडू नका, कोंडलेल्या वायूचा स्फोट होतो.

त्या दिवसानंतर आम्ही रिटर्नची जागा मुख्य इमारतीबाहेर नेली. वर शेड, बाजूने हवा खेळती. प्रत्येक पॅकच्या टर्मिनलवर टेप, प्रत्येकाला वेगळा डबा, डब्यात कोरडी वाळू. फुगलेला, चेपलेला, भिजलेला पॅक पुन्हा विक्रीच्या रॅकवर कधीच जात नाही. तो नोंदणीकृत रिसायकलरकडे जातो, कारण २०२२ पासून बॅटरीच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. कुर्ल्याच्या भंगारवाल्याला किलोच्या भावाने देणं म्हणजे तीच आग दुसऱ्याच्या दुकानात पाठवणं.

नव्या मालाचं काम त्यामानाने शिस्तीचं आहे. चार्ज साधारण ३० ते ५० टक्के, आणि विमानाने जायचा सुटा माल असेल तर ३० टक्क्यांच्या आत. हा नियम २०१६ पासून आहे. जागेचा प्रश्न मात्र मुंबईत अवघड होतो. मे महिन्यात पत्र्याखालची वरची रॅक तापते, म्हणून बॅटऱ्या तिथे ठेवायच्या नाहीत. त्या खाली जमिनीवरही नकोत, कारण मिठी नदी जवळ आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या पट्ट्यात पाणी कुठवर चढलं होतं ते शेजारच्या जुन्या लोकांना विचारून घ्या. खाऱ्या, घाण पाण्यात बुडालेला पॅक काही दिवसांनीही पेटू शकतो. आम्ही मधली रॅक धरली, आणि आजूबाजूला थिनर, परफ्युम, पुठ्ठा काही ठेवत नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजावर स्फोट झाला, त्या एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं होती. कोणता माल कोणाशेजारी ठेवायचा, हा या शहरासाठी जुना आणि फार महागात पडलेला प्रश्न आहे.

शिकायचं असेल तर सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा डिप्लोमा बघा. सहार कार्गोशी, म्हणजे विमानतळाच्या मालवाहतुकीशी संबंध येणार असेल तर धोकादायक मालाचा आयाटा (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) कोर्स करा; तो दर दोन वर्षांनी पुन्हा करावा लागतो. अग्निसुरक्षेचं फॉर्म बी प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं, त्या वेळी परवानाधारक एजन्सीच्या माणसासोबत सगळं गोडाऊन फिरा. कुठला हायड्रंट कोरडा आहे, कुठला दरवाजा मालाने अडला आहे, हे तेव्हा डोळ्यांनी दिसतं.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. आमच्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर लोडिंगची चार मुलं झोपायची, आणि खाली, जिन्याच्या अगदी तोंडाशी, चार्जिंगचं टेबल होतं. रात्रभर पॅक चार्जिंगला. काही झालं असतं तर उतरायला दुसरी वाट नव्हती. मालकांशी हे बोलायला मी घाबरत होते, नवीन होते. शेवटी मुकादम सोबत आले आणि आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ऐकायला तीन आठवडे गेले. आता मुलं समोरच्या चाळीतल्या खोलीत झोपतात, भाडं कंपनी देते, आणि चार्जिंग फक्त दिवसा, कोणीतरी समोर असताना होतं. संध्याकाळी सात वाजता त्या टेबलाचा मेन स्विच मी स्वतः बंद करते आणि वहीत वेळ लिहून मुकादमांची सही घेते.