कामे वाटून देण्याआधीची तयारी: भार वाढलेल्या प्रकल्पप्रमुखासाठी यादी

ही तयारी काम अंगावर कोसळण्याच्या आधीच्या आठवड्यात करायची आहे. ढीग नाकापर्यंत आल्यावर साहाय्यकाला हाक मारली, तर त्याला समजावून सांगण्याचे आणखी एक काम त्याच ढिगावर पडते आणि त्या दिवशी तरी भार हलका होण्याऐवजी वाढतो. संगणकशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये सॉफ्टवेअर प्रकल्पांविषयी हेच नोंदवले होते: उशीर झालेल्या प्रकल्पात ऐन वेळी माणसे वाढवली की तो आणखी लांबतो. नव्या माणसाला शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि एकमेकांशी बोलण्याच्या वाटाही झपाट्याने वाढतात. तिघांत अशा ३ वाटा असतात, सहा जणांत त्या १५ होतात. म्हणून पुढे दिलेल्या बाबी शक्य तितक्या शांत दिवशी, एका बैठकीत आणि लिहूनच कराव्यात.

सर्वप्रथम स्वतःकडची सगळी कामे एकाच कागदावर उतरवावीत. हे वाटते तितके सोपे नाही, कारण आपण कामांची नव्हे तर प्रकल्पांची नावे लिहितो. ‘वार्षिक अहवाल’ ही नोंद वाचून कोणालाच काही करता येत नाही, पण ‘अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणातील तक्ते मूळ नोंदींशी पडताळणे’ एवढे लिहिले की ते काम कोणाकडे द्यायचे, याचा विचार सुरू होऊ शकतो. प्रत्येक नोंदीत क्रियापद हवे. बैठकांच्या वेळा जुळवणे, इतिवृत्त लिहिणे, थकलेल्या उत्तरांचा पाठपुरावा करणे, फायलींना नीट नावे देणे अशी किरकोळ वाटणारी कामेही यात आलीच पाहिजेत. माझ्या अनुभवात दिवस खाऊन टाकणारी कामे याच जातीची असतात आणि साहाय्यकाकडे सर्वांत आधी जाऊ शकणारीही हीच असतात. त्याच कागदावर एका बाजूला, आपल्या होकाराअभावी इतरांची जी कामे अडून बसली आहेत, तीही लिहावीत.

प्रत्येक नोंदीसमोर लागणारा वेळ मांडावा, पण तो मनाने ठरवू नये. माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ सातत्याने कमी धरतो, या प्रवृत्तीला मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये नाव देऊन ती अभ्यासाचा विषय केली. तिच्यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे मागच्या वेळी अशाच कामाला खरोखर किती दिवस लागले, ते जुन्या नोंदींत शोधणे. तशी नोंद नसेल तर १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या क्षेपणास्त्र प्रकल्पात रूढ झालेली तीन अंदाजांची पद्धत वापरावी. सर्व सुरळीत झाले तर किती दिवस, साधारणतः किती, आणि सगळेच बिघडले तर किती, असे तीन आकडे घ्यावेत, मधल्या आकड्याची चौपट करून त्यात उरलेले दोन मिळवावेत आणि बेरजेला ६ ने भागावे. २, ४ आणि १२ दिवसांचा अंदाज असेल तर उत्तर ५ येते, म्हणजे जे काम आपण ४ दिवसांचे समजत होतो ते यादीत ५ दिवसांचे धरायचे.

बेरीज झाल्यावर ती आपल्या मोकळ्या तासांशी ताडून पाहावी. आठवड्याच्या ४० तासांतून बैठका, पत्रव्यवहार आणि अचानक येणारी कामे वजा केली की हाती बरेचदा निम्मेच उरतात. उरलेले तासही काठोकाठ भरू नयेत. कामे अनियमित वेळाने येत असतील आणि एकच माणूस ती रांगेने करत असेल, तर रांगेच्या साध्या गणितानुसार तो ८० टक्के व्यग्र असताना नव्या कामाला सरासरी एका कामाच्या वेळेच्या ४ पट थांबावे लागते, ९० टक्के व्यग्र असताना ९ पट. हेच गणित साहाय्यकालाही लागू आहे. आपला ताण कमी करण्यासाठी त्याला शंभर टक्के भरून टाकणे म्हणजे रांग आपल्या टेबलावरून त्याच्या टेबलावर नेणे.

यानंतर निवड. कोणती कामे सोपवायची, हे ठरवण्याआधी कोणती रद्द करता येतील ते पाहावे. जो साप्ताहिक तक्ता कोणी उघडतही नाही, तो दुसऱ्याकडून करून घेण्यात काय हशील? पुढे ढकलता येण्याजोगी कामे नव्या तारखेसह बाजूला ठेवावीत. तरीही बेरीज जुळत नसेल तर तीच यादी घेऊन वरिष्ठांकडे जावे आणि ‘यातले कोणते आधी हवे आहे’ असे विचारावे. ‘फार काम आहे’ या तक्रारीपेक्षा तासांचे आकडे लिहिलेला कागद पुष्कळ पुढे जातो.

स्वतःकडे ठेवायची कामे थोडीच असतात: ज्यावर आपली सही आणि जबाबदारी आहे असा अंतिम निर्णय, एखाद्या सहकाऱ्याच्या कामाविषयीचा अभिप्राय, गोपनीय मजकूर आणि नाराज झालेल्या माणसाशी बोलणे. सोपवण्यासाठी चांगले काम ते, जे वारंवार येते, ज्याचा नियम सांगता येतो आणि ज्यातली चूक नुकसान होण्याआधी पकडता येते. ‘समजावण्यापेक्षा मीच पटकन करतो’ हा विचार मनात येईल तेव्हा हिशेब करावा. काम २० मिनिटांचे आहे, शिकवायला एक तास लागतो आणि पुढे दर खेपेस तपासायला ५ मिनिटे लागतात असे धरले, तर दर खेपेस १५ मिनिटे वाचतात आणि चौथ्या खेपेला तो तास वसूल होतो. काम वर्षातून एकदाच येत असेल तर मात्र ते खुशाल स्वतः करावे. नुसती रटाळ कामेच पुढे सरकवू नयेत, हेही येथेच सांगितले पाहिजे. ज्याच्याकडे वर्षभर फक्त प्रती काढणे आणि आठवणपत्रे पाठवणे येते, तो ऐन वेळी मसुदा तयार करू शकेल अशी अपेक्षा धरणे रास्त नाही.

काम देण्याआधी साहाय्यकाच्या हातात आज काय आहे, ते त्याच्याकडूनच ऐकावे. बहुतेक साहाय्यक एकाहून अधिक जणांसाठी काम करतात आणि ‘नाही’ म्हणण्याच्या स्थितीत नसतात, त्यामुळे ‘जमेल ना?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘हे घेतले तर हातातले काय मागे पडेल?’ असे विचारले की खरी स्थिती बाहेर येते. दोन वरिष्ठांची कामे एकाच दिवशी आली तर आधी कोणाचे, हे त्या वरिष्ठांनी आपसांत ठरवायचे असते. ते कोडे साहाय्यकाच्या गळ्यात घालू नये.

सर्वांत अधिक वेळ घ्यावा तो सोपवण्याच्या टिपणासाठी. एकदा एका आढावा बैठकीच्या आदल्या दिवशी माझ्याकडून साहाय्यकाला सूचना गेली: ‘तक्त्यातले आकडे एकदा बघून घ्या.’ त्याने ते काळजीपूर्वक पाहिले, सर्व बेरजा तपासल्या आणि त्या बरोबर होत्या. माझ्या मनात होते ते आकडे मूळ नोंदींशी ताडून पाहणे. एका स्तंभात मागच्या तिमाहीचे आकडे तसेच राहून गेले होते, अर्थात त्यांची बेरीजही अचूक होती, आणि हे लक्षात आले ते भर बैठकीत. साहाय्यकाने सांगितलेले काम चोख केले होते, सांगण्यात खोट होती. तेव्हापासून तीच सूचना माझ्या टिपणात अशी असते: ‘तक्ता क्रमांक ४ मधील प्रत्येक आकडा या तिमाहीच्या मूळ शीटशी ताडावा, जुळलेल्या आकड्यावर खूण करावी, न जुळलेला आकडा स्वतः न बदलता पिवळ्या रंगात ठेवावा आणि पहिल्या दहा ओळी झाल्या की मला दाखवाव्यात, बुधवारी दुपारी ३ पर्यंत पूर्ण हवा, कारण ४ वाजता मी तो पुढे पाठवणार आहे.’

या टिपणात काम संपले हे कशावरून ओळखायचे ते आहे, वार आणि वेळ आहे, त्या वेळेमागचे कारण आहे आणि साहाय्यकाने कुठवर स्वतः ठरवावे व कुठे थांबावे हेही आहे. यांपैकी अधिकाराची मर्यादा लिहायची सर्वाधिक वेळा राहून जाते. माहिती गोळा करून आणायची, पर्याय सुचवायचा, निर्णय घेऊन कळवायचा, की कळवण्याचीही गरज नाही, या चार पायऱ्यांपैकी नेमकी कोणती, हे प्रत्येक कामासाठी वेगळे सांगावे. तोंडी सूचना असेल तर ती त्याच्या शब्दांत परत ऐकावी. वैमानिक नियंत्रण कक्षाची सूचना पुन्हा उच्चारून दाखवतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

टिपणासोबत साधनेही द्यावी लागतात. फोल्डर उघडण्याची परवानगी, आवश्यक प्रणालीत त्याच्या स्वतःच्या नावाचे खाते (आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणे नव्हे), मागच्या वेळचा चांगला नमुना आणि फायलींना नावे देण्याची एकच ठरलेली पद्धत, एवढे आधी तयार असावे. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘अंतिम नवीन दुरुस्त’ अशा तीन फायली शेजारी असलेल्या फोल्डरमध्ये कोणालाही काम सोपवू नये. ज्या बाहेरच्या लोकांशी त्याला बोलायचे आहे त्यांना आपण स्वतः दोन ओळींचा ईमेल करून कळवावे की, या कामाबाबत यापुढे साहाय्यकाशी संपर्क साधावा. हा ईमेल गेला नाही तर ते लोक आपल्यालाच फोन करत राहतात आणि काम कागदावर दुसऱ्याकडे, प्रत्यक्षात आपल्याकडे, असे लटकत राहते.

तपासणीचे टप्पे त्याच दिवशी ठरवावेत. पहिला टप्पा लवकर, दिशा चुकली असेल तर थोडेच पुसावे लागेल अशा ठिकाणी ठेवावा. पुढचे विरळ चालतात. शंकांसाठी दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे राखून ठेवली की दर अर्ध्या तासाला होणारी ये-जा थांबते आणि साहाय्यकालाही संकोच राहत नाही. शंका घेऊन आलेल्याला ‘ठेवा इथे, मी बघतो’ असे म्हणण्याचा मोह टाळावा, कारण त्या चार शब्दांसरशी काम पुन्हा आपले होते. ‘तुम्हाला काय योग्य वाटते?’ हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर पटण्याजोगे असेल तर तसेच करू द्यावे, मग ते आपल्या पद्धतीहून वेगळे का असेना.

मुदतीच्या आठवड्यातल्या रजा आधीच विचारून घ्याव्यात आणि प्रत्येक महत्त्वाच्या कामाचे टिपण आणखी एकाने वाचलेले असावे. चूक झाली तर वर उत्तर आपण देणार आहोत, हे साहाय्यकाला काम देतानाच सांगावे. काम चांगले झाले तर पुढे पाठवताना त्याचे नाव घालावे.

शेवटची बाब आपल्याच कागदाची आहे. सोपवलेली नोंद मूळ यादीतून खोडावी आणि ‘कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत’ या शीर्षकाच्या वेगळ्या पानावर लिहावी. ते पान दिवसातून एकदा, शक्यतो सकाळी पाहावे आणि ज्या नोंदीची तारीख आज आहे तिच्याबद्दलच विचारणा करावी.