गावाकडच्या आईबाबांची औषधं तालुक्याच्या मेडिकलमधून कशी आणायची

आमचं गाव दापोली तालुक्यात, स्टँडपासून एसटीने पाऊण तास. आईला बीपी आणि शुगर, बाबांना दमा, मी चिपळूणला आणि दादा डोंबिवलीला. गेली सहा-सात वर्षं दोघांची औषधं मीच बघते, त्यातून जे कळलं ते लिहितेय, कारण असे गावाला एकटे राहणारे आईबाबा कोकणात घरोघर आहेत.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. पाकिटावर मोठ्या अक्षरात जे नाव असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव, खरं औषध कुठलं ते त्याच्या खाली किंवा मागे बारीक अक्षरात असतं. मी हे कशी शिकले सांगते. एका गणपतीला दादा येताना मुंबईहून आईच्या बीपीच्या दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन आला, घरात तालुक्याच्या मेडिकलमधून आणलेल्या होत्याच, दोन्हीचं नाव वेगळं रंग वेगळा, आईला वाटलं डॉक्टरांनी नवीन गोळी वाढवलीय आणि ती दोन्ही घेत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी पडवीत उठायला गेली ती चक्कर येऊन पडली. दवाखान्यात वरचं बीपी ९० निघालं. घरी येऊन पाकिटं उलटी करून बघते तर दोन्हीत टेल्मिसार्टन ४०. एकच औषध, डबल डोस.

त्या दिवसापासून आमच्या फ्रिजच्या दारावर मराठीत लिहिलेला कागद आहे, औषधाचं खरं नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी आणि कधी. त्याचा फोटो माझ्या, दादाच्या आणि मेडिकलवाल्या भाऊंच्या फोनमध्ये. नवीन पाकीट घरात आलं की जुन्याशी ताडून बघायचं आणि मगच डब्यात टाकायचं. संपलेली पाकिटं फेकू नका, एक रिकामं पाकीट दुकानात नेलं की अर्धं काम होतं, डॉक्टरांचं अक्षर सगळ्यांनाच लागतं असं नाही.

आता दुकान कुठलं धरायचं. मेडिकल बहुतेक एसटी स्टँडच्या आसपास आणि सरकारी दवाखान्यासमोर असतात, पण जवळचं म्हणून धरू नका. दोन-तीन ठिकाणी जाऊन बघा की फार्मासिस्ट स्वतः बसतो का (लायसन भिंतीवर लावलेलं असतं, नाव वाचता येतं), फ्रिजला इन्व्हर्टर आहे का, न मागता बिल देतात का, आणि म्हाताऱ्या माणसाला गोळी कधी घ्यायची ते दोनदा सांगायचा कंटाळा करतात का. मला हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मग त्या एकाच दुकानात जा. त्यांना तुमच्या घरची सगळी औषधं माहीत झाली की तेच सांगतात, काकू ही गोळी त्या गोळीबरोबर चालत नाही हो, डॉक्टरांना विचारा एकदा.

आमचे भाऊ तर मी आदल्या संध्याकाळी फोन केला की औषधं बांधून ठेवतात आणि गावातला कोणी ना कोणी बाजाराला आलेला असतोच, तो घेऊन जातो. तुम्हीही अशी सोय लावून घ्या, पण पिशवीवर नाव लिहायला सांगा आणि आत बिल हवंच. बिलावर बॅच नंबर असतो, औषध परत करायचं झालं किंवा तक्रार करायची झाली तर त्याशिवाय कोणी विचारत नाही.

अर्धी पट्टी घेत असाल तर एक्सपायरी छापलेली बाजू तुमच्याकडे येईल अशी कापायला सांगा. पाकिटावर लाल रेघ आहे ती गोळी चिठ्ठीशिवाय मागू नका. झोपेच्या गोळ्या, टीबीची औषधं, काही भारी अँटिबायोटिक्स अशा शेड्यूल एच वन (कडक नियमांच्या औषधांची सरकारी यादी) मधल्या औषधांसाठी दुकानदाराला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर ३ वर्षं ठेवावं लागतं, २०१४ पासून तसा नियमच आहे, त्यामुळे तो चिठ्ठी मागतो तेव्हा ओळखीचा असून अडवतोय असं मनात आणू नका.

खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्र बघा, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान. जनऔषधी सुगम नावाचं ॲप आहे, त्यात जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही कळतं, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्यांना खूप फरक पडतो. फक्त तिथे खरं नावच सांगावं लागतं, म्हणून तो कागद. फिटची, थायरॉइडची आणि रक्त पातळ करायची औषधं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एका कंपनीची दुसऱ्या कंपनीवर नेऊ नका. आणि दम्याच्या कॅप्सूल मशीनमध्ये टाकून ओढायच्या असतात, बाबांनी पहिले चार दिवस त्या पाण्याबरोबर गिळल्या होत्या, तेव्हा पहिल्यांदा देताना दुकानातच करून दाखवायला सांगा.

पावसाळ्याचं वेगळं गणित असतं. परशुराम घाटात किंवा कुंभार्लीला दरड आली की तालुक्यात माल यायला उशीर होतो, म्हणून जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांची औषधं जास्तीची घरात ठेवाच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती आणि आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत लागतं, चालू असलेलं साधारण चार आठवडे बाहेर राहतं पण ऊन आणि उकाडा नको. आम्ही ते प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवलं. आणताना बर्फाला चिकटवून आणू नका, गोठलं की वाया गेलं.

लावणीच्या दिवसात ताप आला तर दुकानातून अंगदुखीची गोळी घेऊन दोन दिवस काढू नका. तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) असू शकतो आणि त्यात आधीच किडनीवर ताण असतो, वर पेनकिलर नको. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी द्यायची की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतात, आशाताईंना विचारून ठेवा. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत.

फुरसं (विषारी साप) चावलं तर मेडिकल शोधत फिरू नका, विषावरचं इंजेक्शन दवाखान्यातच द्यायचं असतं, १०८ लावा आणि निघा. विंचवाचंही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर जी प्राझोसिन वापरून माणसं वाचवली ती खरं तर बीपीची गोळी, पण ती किती आणि कधी हे डॉक्टर बीपी बघून ठरवतात, मेडिकलमधून आणून घरी द्यायची नाही. कुत्रं चावलं तर आधी पंधरा मिनिटं साबण-पाण्याने जखम धुवा, मग लस, ती सरकारी दवाखान्यात मिळते.

रात्रीचं म्हणाल तर बाजारातली दुकानं लवकर बंद होतात, मोठ्या हॉस्पिटलला जोडलेलं मेडिकल तेवढं उघडं सापडतं. तुमच्या तालुक्यात ते कुठलं आहे हे दिवसा विचारून त्यांचा नंबर त्याच कागदावर खाली लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात, आईबाबांना चष्म्याशिवाय वाचता येईल असा.