घरात दुसऱ्याचा कुत्रा सांभाळायला घेताना

गणपती, दिवाळी आणि मे महिना. लोक गावी निघतात आणि घरगुती बोर्डिंगवाल्यांचे फोन वाजायला लागतात. नवख्याने सुरुवात करायला हेच तीन मोसम सगळ्यात वाईट. कुत्र्याला घर अनोळखी, माणसं अनोळखी, त्यात बाहेर ढोल-ताशे नाहीतर फटाके. जानेवारी-फेब्रुवारीत ओळखीतल्या एका कुत्र्यापासून सुरुवात करा. वन बीएचकेमध्ये आपला एक आणि पाहुणा एक, एवढं भरपूर झालं. तिसरा घेतला की उत्पन्न थोडं वाढतं आणि झोप पूर्ण जाते.

सोसायटीचं आधी उरका. कुत्रा पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या सूचनांत स्पष्ट केलं आहे. पण स्वतःचा कुत्रा पाळणं आणि पैसे घेऊन दर आठवड्याला नवा कुत्रा लिफ्टमधून आणणं यांत फरक आहे. फ्लॅटचा धंद्यासाठी वापर होतो, अशी तक्रार येऊ शकते. कमिटीची परवानगी लेखी घ्या, भाड्याचं घर असेल तर घरमालकाचीही. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं असलं की पहिल्या रात्रीचं भुंकणं बऱ्यापैकी निभावतं.

दार आणि बाल्कनी

पाहुणा कुत्रा हरवतो तो बहुतेक वेळा घराच्या दारातून, कुरिअरवाला आल्यावर. मुख्य दार आणि सेफ्टी डोअर एकाच वेळी उघडायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना, कामाच्या मावशींनासुद्धा, पाठ हवा. पॅसेजमध्ये एक बेबी गेट लावलं तर दारापर्यंत पोचायला कुत्र्याला दोन अडथळे होतात. दारावर चिठ्ठी लावा: ‘बेल वाजवू नका, फोन करा.’

बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी कुत्र्याला अडवत नाही. तो ती चावून तोडतो किंवा अंगाच्या भाराने उसवतो. ग्रिलच्या खालच्या ३ फुटांना हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी वेल्डमेश जाळी केबल टायने घट्ट बांधा, आणि तरीही कुत्र्याला बाल्कनीत एकटं सोडू नका.

गुळगुळीत टाइल्सवर म्हातारा लॅब्राडॉर घसरतो आणि मागचे पाय धरून बसतो. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंज्या किंवा रबरी चटया अंथरा. फरशीला फिनाइल नको. कुत्रे पंजे चाटतात, आणि पार्व्होचा (कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाबांचा) विषाणू साध्या फिनाइलला दाद देत नाही. जागा आधी साबणाने धुऊन मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी लावा, १० मिनिटं ओलं राहू द्या, पुन्हा पाण्याने पुसा. ब्लीच आणि संडासाचं अॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

फोनवर काय विचारायचं

‘चावतो का?’ या प्रश्नाला सगळे ‘नाही’च म्हणतात. खोटं म्हणून नव्हे, घरच्यांना तो चावत नाही म्हणून. त्यापेक्षा असं विचारा: तो जेवत असताना भांड्याला हात लावला तर काय करतो? शेवटचा गुरगुरला कधी, कशावर? घरी एकटा जास्तीत जास्त किती तास राहिलाय? नखं घरी कापता की दवाखान्यात, मझल (तोंडाला बांधायची जाळी) लावून? फटाके वाजले की कुठे जाऊन बसतो? उत्तर द्यायला मालक अडखळला, तर तिथेच आणखी दोन प्रश्न विचारा.

नकार कुणाला द्यायचा, हे आधीच ठरलेलं असावं. रेबीजची लस नसलेला, लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू, गेल्या दोन आठवड्यांत खोकला किंवा जुलाब झालेला. माजावर असलेली मादीही नको. साधारण सहा महिन्यांनी चक्र येतं आणि तीनेक आठवडे चालतं, म्हणून शेवटची तारीख विचारून तुम्हीच हिशोब करा. लसीचं पुस्तक हातात घेऊन बघा: रेबीज आणि सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन (पार्व्होसकट अनेक आजारांवरची एकत्रित लस), दोन्हींचे स्टिकर आणि पुढची तारीख. बुकिंगसाठी काल टोचून आणलेली लस आज संरक्षण देत नाही, किमान दोन आठवडे मध्ये हवेत. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस बरेच जण घेत नाहीत. तुमच्याकडे एका वेळी दोन कुत्रे येणार असतील तर तिचा आग्रह धरा.

घरात आपला कुत्रा असेल तर पहिली भेट घरात नको. मोकळ्या रस्त्यावर दोघांना दोन माणसांनी धरून, मध्ये १५ फूट अंतर ठेवून, एकाच दिशेने दहा मिनिटं चालवा. पट्टे सैल राहिले आणि दोघं इकडेतिकडे हुंगायला लागले की अंतर कमी करा. टक लावून बघणं, ताठ शेपूट, मिटलेलं तोंड दिसलं तर त्या दिवशी तिथेच थांबा. खऱ्या मुक्कामाच्या आठवडाभर आधी एक रात्र ठेवून बघा. त्या रात्रीचे पैसे जरूर घ्या.

येण्याचा दिवस

सामान मालकाचंच: नेहमीचं खाणं एकेका जेवणाच्या पुड्या करून, वर दोन दिवसांचं जास्तीचं, औषधं वेळेसह लिहून, आणि मालकाचा न धुतलेला टी-शर्ट. अंथरुणात तो असला की कुत्रा लवकर निवांत होतो.

मालक समोर असतानाच गोचीड तपासा. कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, जांघेत. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका, बोटांनी चिरडू नका. डोळे, कान, पाय यांचे फोटो तिथेच काढा. गोचीड तापाची लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. फोटो नसतील तर ‘तुमच्याकडेच झालं’ हे ऐकून घ्यावं लागेल.

मालकाने त्याचा पट्टा सोडण्याआधी तुमचा अडकवलेला हवा. एक गळपट्ट्याला, दुसरा हार्नेसला. गळपट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन गेली तर कुत्रा मागे सरकून डोकं सोडवून घेतो. बिल्ल्यावर तुमचा नंबर लावा, मालक तर विमानात असेल. पहिले ४८ तास सोसायटीच्या बागेतसुद्धा मोकळा सोडायचा नाही. तरीही सुटलाच तर मागे पळू नका, तो आणखी लांब जातो. खाली बसा, बाजूला तोंड करा, हाक मारा. दिसेनासा झाला तर शेवटच्या जागी तो टी-शर्ट ठेवा आणि मालकाला लगेच कळवा.

पहिला दिवस कुत्रा जेवला नाही तर घाबरू नका. धडधाकट मोठा कुत्रा २४ तास उपाशी राहिला तरी चालतं. पिल्लू किंवा मधुमेही कुत्र्याचं मात्र लगेच व्हेटला विचारा. पाणी पितोय का, हे महत्त्वाचं: किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला लिटरभर. खाण्यात बदल नको, लाडाने दूधही नको. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसणाची फोडणी, शुगर-फ्री मिठाई हे सगळं विष समजा. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणाही त्यातच. तुमच्या घरातली डोकेदुखीची गोळी तर अजिबात नाही.

दोन कुत्र्यांना दोन खोल्यांत, दार लावून जेवण द्या. २० मिनिटांनी भांडी उचला, रिकामीसुद्धा. भांडणं रिकाम्या भांड्यावरून, हाडावरून, अरुंद पॅसेजमध्ये आणि तुम्ही बाहेरून आल्यावर दारात होतात. भांडण जुंपलंच तर मध्ये हात घालू नका. बादलीभर पाणी ओता, ताट बडवा, खुर्ची मध्ये सरकवा. माणसाला दात लागला तर जखम नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, कुत्र्याची लस झालेली असली तरी.

कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ म्हणजे लगेच व्हेट. मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलं आणि उलटी न होता नुसते उमाळे येत असतील तर सकाळची वाट बघू नका, त्यात काही तासांत जीव जातो. पग आणि बुलडॉग उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरवून आणा. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही भाजतात. पावसाळ्यात डबक्यांतलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची) भीती असते.

या सगळ्यासाठी एक पानाचं संमतिपत्र सहीसह हवं: नेहमीचा व्हेट कोण, न विचारता किती रुपयांपर्यंत उपचार करायचे, मालकाचा फोन लागला नाही तर निर्णय कोण देणार, आणि तो माणूस शहरातच आहे ना. त्यातच पैशांचंही लिहा. दिवस म्हणजे सोडल्या वेळेपासून २४ तास. दर ७०० रुपये असेल आणि सकाळी नऊला सोडलेला कुत्रा चौथ्या दिवशी रात्री न्यायला आले, तर तिथे अर्धा दिवस वाढतो. आधी लिहिलेलं नसेल तर ते ३५० रुपये मागताना जीभ अडखळते. निम्मी रक्कम बुकिंगच्या वेळी घ्या, सणाच्या दिवसांत ती परत मिळणार नाही हेही तिथेच लिहा.

रोज दोन फोटो पाठवा, सकाळच्या जेवणाचा आणि संध्याकाळच्या फिरण्याचा. मालक जास्त मागतात, पण दर तासाला फोटो काढत बसलात तर कुत्र्याकडे लक्ष कोण देणार? नेताना किती खाल्लं, शी कशी होती, औषध कधी दिलं, हे लिहिलेला कागद मालकाच्या हातात द्या. खोकला, जुलाब किंवा सुस्ती दिसली तर लगेच कळवायला सांगा. त्याच दिवसांत तुमच्याकडे राहिलेल्या दुसऱ्या कुत्र्याच्या मालकाला तेव्हा तुम्हालाच फोन करायचा असतो.