बारोलो प्यायची तर घाई करू नका

इटलीत पिएमोंतेला, लांगेच्या टेकड्यांवर एखाद्या घरच्या छोट्या वायनरीत गेलात, की बहुतेक वेळा घरातलंच कोणीतरी बारोलो, म्हणजे तिथली रेड वाईन, ओतून देतं, तेव्हा एका घोटात संपवू नका प्लीज. बारोलो फक्त नेब्बिओलो द्राक्षाची, आणि नियमाने किमान 38 महिने मुरलेली, त्यातले 18 लाकडी पिंपात.

आधी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. रंग फिका दिसतो, कडेला विटकरी-नारिंगी झाक असते, म्हणून वाईन पातळ असेल असं अजिबात समजू नका, नेब्बिओलोचा रंगच तसा. मग न हलवता वास घ्या, नंतर ग्लास गोल फिरवून परत घ्या, सुकलेला गुलाब, चेरी, आणि मागून डांबरासारखा वास येतो, हो डांबरच, आणि तो या वाईनमध्ये खरंच छान लागतो!

आता छोटा घोट, तोंडभर फिरवायचा. हिरड्या आणि जीभ आवळल्यासारखी होते ना, कच्चं केळं खाल्ल्यावर होते तशी, ते टॅनिन, म्हणजे वाईनमधला तुरट घटक. जोडीला आंबटपणाही भरपूर. वाईन तरुण असेल तर हे जास्तच जाणवतं, म्हणून तासदोन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद तळाच्या काचेच्या सुरईत, ओतून ठेवलेली बरी, आणि तापमान 16 ते 18 डिग्री, आपल्याकडे उन्हाळ्यात घरी उघडणार असाल तर आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवाच. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते बघा, मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

सोबत तायारिन, म्हणजे तिथला अंड्याच्या बलकाचा बारीक पास्ता, किंवा जुनं चीज घ्या, दुसरा घोट एकदम मऊ लागतो.