मनःस्वास्थ्याचं डिजिटल मॉड्यूल बनवताय? या चुका टाळा

वसतिगृहातल्या मुलामुलींसाठी झोप आणि परीक्षेचा ताण या विषयावरचं माझं पहिलं मॉड्यूल मी एचफाइव्हपी या प्रश्न-खेळांचे ऑनलाइन धडे बनवायच्या साधनात केलं होतं. पहिलाच प्रश्न होता, ‘गेल्या आठवड्यात झोप कशी लागली?’ चार पर्याय दिले. बरोबर उत्तर कोणतं याची खूण करायची जागा होती, म्हणून मी ‘शांत लागली’वर खूण केली. मॉड्यूल तपासून बघायला आलेल्या मुलीनं ‘पहाटेपर्यंत जागीच असते’ हा पर्याय निवडला. समोर लाल फुली आली आणि खाली 0/1 असे गुण. ती काही बोलली नाही. पुढचं पान न उघडताच तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

भावनेला गुण देऊ नका

बाकीच्या बऱ्याच चुका याच एका चुकीतून निघतात. आपल्या हाताला परीक्षेचा साचा बसलेला असतो, त्यामुळे तब्येतीचा विषयही आपण त्याच साच्यात ओततो. एचफाइव्हपीतला बहुपर्यायी प्रश्न हा प्रकार मुळात गुण देण्यासाठीच आहे. माणसाला स्वतःबद्दल विचारायचं असेल तर ‘क्वेश्चनेअर’ हा प्रकार घ्या, त्यात बरोबर-चूक नसतं. माहितीच्या प्रश्नाला मात्र गुण द्यायला हरकत नाही. संध्याकाळच्या चहातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणून ‘सहाच्या चहाचा परिणाम झोपायच्या वेळी उरतो का?’ याला खरं उत्तर आहे. ‘तुला एकटं वाटतं का?’ याला नाही.

पुढचं पान कुलूपबंद ठेवणं, सलग दिवसांची मोजणी, बिल्ले हे सगळं त्याच साच्यातून येतं. चार दिवस मन थाऱ्यावर नव्हतं म्हणून मॉड्यूल उघडलं नाही, आणि पाचव्या दिवशी समोर ‘तुमची मालिका तुटली’ आलं, तर पुन्हा उघडावंसं कुणाला वाटेल?

लिहिलेलं कोण वाचतंय ते आधी बघा

ही चूक सर्वात महागात पडते आणि बनवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ‘मनातलं मोकळेपणानं लिहा, हे फक्त तुमच्यासाठी आहे’ असं आपण लिहितो. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीतल्या एचफाइव्हपी ॲक्टिव्हिटीत प्रयत्नांची नोंद चालू असेल तर शिक्षकाला त्याच्या लॉगिनमधून प्रयत्नांचा अहवाल उघडता येतो. म्हणजे ‘घरी सांगायची हिंमत नाही’ हे वाक्य ज्या सरांच्या हातात अंतर्गत गुण आहेत, त्यांच्यापर्यंत पोचू शकतं. उपाय सोपा आहे. आधी एका खोट्या विद्यार्थ्याच्या नावानं मॉड्यूल पूर्ण सोडवा, मग शिक्षकाच्या लॉगिननं आत जाऊन काय काय दिसतं ते स्वतः बघा. गरज नसेल तर नोंद बंद करा. मनातलं लिहायला सांगायचंच असेल तर सरळ म्हणा, ‘वहीत लिही.’ घरात एकच फोन तिघं वापरत असतील तर वहीही लपवावी लागते. म्हणून ‘न लिहिता नुसता विचार केला तरी चालेल’ ही ओळ मी आता प्रत्येक वेळी घालते.

चाचणी घेतली, पुढे काय?

पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची नैराश्याची चाळणी आहे, एकूण गुण 0 ते 27. ती मॉड्यूलमध्ये उतरवणं अर्ध्या तासाचं काम, म्हणून सर्रास उतरवली जाते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री बाराला कुणी तिथे ‘जवळपास रोज’ निवडलं आणि मॉड्यूल ‘धन्यवाद! पुढे जा’ म्हणालं, तर आपण त्या माणसाला विचारून वाऱ्यावर सोडलं. तुमच्या बाजूला उत्तर बघणारं प्रशिक्षित माणूस नसेल तर ही चाळणी घालूच नका, या मताशी मी ठाम आहे.

मदतीचा क्रमांक मात्र प्रत्येक पानावर हवा. टेली मानस ही सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416, फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक चित्रात टाकू नका. चित्रातला आकडा दाबून फोन लागत नाही आणि स्क्रीन रीडरला, म्हणजे न दिसणाऱ्यांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या ॲपला, तो वाचताही येत नाही. मजकुरात टाका, आणि खऱ्या फोनवर दाबून फोन लागतो का ते तपासा.

भाषा

‘आपल्या भावनांचे निरीक्षण करा’ हे वाचून कुणी काहीच करत नाही. ‘आत्ता ताण कुठे जाणवतोय? खांद्यात, पोटात, की दात आवळले गेलेत?’ असं विचारलं की हात आपोआप जबड्याकडे जातो. ‘अवसाद’ हा हिंदीतून उचललेला शब्द काढा. नैराश्य म्हणा, त्याहून बरं म्हणजे ‘कशातच मन लागत नाही’ म्हणा. आणि पहिल्या पानावर ‘तू’ म्हटलंत तर शेवटपर्यंत ‘तू’च ठेवा.

श्वासाचं वर्तुळ

फुगणारं-मिटणारं वर्तुळ सगळेच वापरतात, पण ते बहुतेकदा घाई करतं. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर असा वेग ठेवला तर मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास लांबवर रोखून धरायला सांगू नका, आधीच जीव घाबरा झालेल्या माणसाला त्यानं आणखी गुदमरल्यासारखं होतं. ‘गरगरलं तर थांब, नेहमीसारखा श्वास घे’ ही ओळ वर्तुळाच्या वरच हवी. थांबवायचं बटण द्या, आणि आवाज आपोआप सुरू होऊ देऊ नका. खोलीत इतर तिघं झोपलेली असतात.

झोपेचं मॉड्यूल उघडलं जातं तेही रात्रीच, दिवा मालवल्यावर. मी पांढरीशुभ्र पार्श्वभूमी ठेवली होती, ती डोळ्यांवर येत होती. आता गडद ठेवते. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (काँट्रास्ट) किमान 4.5:1 आहे का ते मोजून घेते, आणि मग अंथरुणात पडून, फोनचा उजेड अगदी कमी करून ते एकदा पूर्ण वाचते.