खंडेनवमीआधीचा गाड्या दुरुस्तीचा रविवार

खंडेनवमीला गाडी धुऊन झेंडूचा हार घालण्याची प्रथा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या सगळ्या पट्ट्यात आहे, आणि त्यामुळे नवरात्राच्या आठवड्यात कोणत्याही गॅरेजमध्ये गेले तरी दारात गाड्यांची रांग लागलेली असते. ज्यांना पाना धरता येतो अशा मित्रांनी त्याआधीच एक रविवार ठरवून नेहमीची कामे आपापसात उरकली, तर रांग टळते आणि चार महिन्यांच्या पावसाने गाडीचे काय केले तेही डोळ्यांनी पाहता येते. आमच्या अनुभवात यासाठी पितृपक्षातील रविवार सर्वांत सोयीचा ठरतो. गणपती विसर्जन आटोपल्याने मंडळाची मुले मोकळी असतात, पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि सुट्या भागांच्या दुकानांत गर्दी नसते. पितृपक्षात नवी खरेदी करू नये असे घरातील ज्येष्ठ म्हणतात खरे, पण चेन-स्प्रॉकेट ही खरेदी नसून दुरुस्ती आहे, हा युक्तिवाद आजवर चालून गेला आहे.

रविवार कसा जाणार हे आदल्या रविवारीच ठरते. त्या दिवशी सगळ्या गाड्या एकदा चालवून पाहाव्यात आणि एका वहीत प्रत्येक गाडीला एक पान देऊन मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि मालकाची तक्रार लिहावी. ‘आवाज येतो’ एवढ्या नोंदीचा उपयोग नसतो. आवाज ब्रेक दाबल्यावर येतो, गिअर बदलताना येतो की खड्ड्यात आदळल्यावर येतो, हे लिहिले तर कोणता भाग आणायचा ते कळते. आमच्या अंगणात बेळगावच्या केए-२२, चिक्कोडीकडच्या केए-२३ आणि चंदगड-गडहिंग्लजकडच्या एमएच-०९ अशा तिन्ही पाट्यांच्या गाड्या उभ्या राहतात, आणि त्यांचे आजार पाटीपेक्षा रस्त्यावर अवलंबून असतात. खानापूर, कणकुंबीकडच्या गाड्यांच्या केबल गंजलेल्या आणि ब्रेकच्या ड्रममध्ये चिखल साचलेला आढळतो, तर अथणीकडच्या कोरड्या भागातून आलेल्या गाडीचा एअर फिल्टर आधी उघडावा.

यादीनुसार सुटे भाग शनिवारी संध्याकाळपर्यंत हातात असले पाहिजेत, कारण रविवारी दुकान उघडे सापडेलच याची खात्री नसते. जुना भाग सोबत नेला किंवा त्याच्यावरील क्रमांक लिहून नेला, तर काउंटरवरचा माणूस मराठी बोलो वा कन्नड, चुकीचा भाग हाती येत नाही. ज्या कामाला लेथ (धातू कातायचे यंत्र) लागणार असेल ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून आधीच करून आणावे.

किती गाड्या घ्यायच्या, याचा हिशेब माणसांवर नव्हे तर जाणकारांवर करावा. खरोखर काम येणारे दोघे असतील तर सहा दुचाकी पुरे. बाकीचे कितीही आले तरी ते गाडी धरतात, रॉकेल ओततात आणि सल्ले देतात. त्यापैकी एकाला वही सांभाळायला आणि एकाला ऐनवेळी लागणारे सामान आणायला नेमावे.

कोणती कामे घ्यायची नाहीत, हे त्याहून महत्त्वाचे आहे. संध्याकाळी पाचपर्यंत जे पुन्हा बंद करता येईल तेवढेच उघडावे. पहिल्या वर्षी आम्ही दुपारी चार वाजता एका मित्राच्या गाडीचा क्लच उघडला, झाकणाचे पॅकिंग फाटले, दुकान बंद होते, आणि ती गाडी तीन दिवस ताडपत्रीखाली पडून राहिली. तो मित्र लाल बसने कामावर गेला आणि आजही ती आठवण करून देतो. तेव्हापासून इंजिन उघडणे, पुढचे शॉकअब्सॉर्बर आणि डिस्क ब्रेकची अंतर्गत कामे आम्ही मिस्त्रीकडेच सोपवतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषणविषयक नियमांनंतरच्या दुचाकींमध्ये सहसा कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची यंत्रणा असते. तिचे सेन्सर आणि वायरिंग अंगणात उघडू नये. वॉरंटीतील गाडीची फक्त चेन, हवा आणि धुलाई करावी.

जागा निवडताना सावलीइतकाच जमिनीचा विचार करावा. पावसाळ्यानंतरच्या लाल मातीत मधला स्टँड हळूहळू रुततो आणि चाक काढलेली गाडी कलंडते, म्हणून स्टँडखाली शहाबादी फरशी किंवा जाड फळी हवी. ८, १०, १२, १४ आणि १७ क्रमांकांचे पाने, प्लगपाना, पक्कड, दोन्ही प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर, ग्रीस, चिंध्या आणि तेलासाठी जुने घमेले एवढ्यावर बरेच काम होते. मागच्या चाकाच्या नटाला मोठा पाना लागतो, तो आधी बसवून पाहावा. पाने वेगवेगळ्या घरांतून येतात, म्हणून प्रत्येकाने आपल्या पान्यांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावावी. १० क्रमांकाचा पाना तरीही हरवतो. पेट्रोल आणि रॉकेल असलेल्या बाजूला विडी-सिगारेट पूर्ण बंद ठेवावी आणि वाळूची बादली जवळ असावी.

सकाळी पहिले काम तेल बदलण्याचे घ्यावे. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून कोमट केले की तेल पूर्ण निथळते. नवे तेल किती आणि कोणत्या प्रतीचे, हे गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे, शेजारच्या गाडीवरून नव्हे. निघालेले काळे तेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडाला फासण्याची गावाकडे सवय आहे, पण ते डब्यात भरून जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला देणेच योग्य.

तेल निथळत असताना चेनकडे वळावे. रॉकेल आणि ब्रशने ती स्वच्छ करून, कोरडी पुसून तेल द्यावे आणि मधोमध वर-खाली हलवून ढिलाई मोजावी. साध्या दुचाकींना ती साधारण २० ते ३० मिलिमीटर असते, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. चेन एकसारखी झिजलेली नसल्याने चाक फिरवून सर्वांत ताठ जागी मोजणे आवश्यक आहे. जोडकडीची क्लिप बसवताना तिचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे. उलटी बसली तर ती निसटू शकते. ड्रम ब्रेकच्या बाहेरच्या दांडीवर बाणाची खूण असल्यास ब्रेक दाबून ती पाहावी, बाण मर्यादारेषेपाशी पोचला असेल तर लायनर (ड्रमवर घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) बदलावेत. ड्रममधील धूळ फुंकून उडवू नये, ओल्या चिंधीने पुसावी, आणि लायनरला ग्रीसचा हात लागू देऊ नये.

बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक आणि जोडताना आधी धन टोक, हा क्रम मोडू नये. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून पाहावे आणि मगच नव्या बॅटरीचा विचार करावा.

काहीही उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा आणि नट-वायसर त्या गाडीच्या नावाच्या डब्यातच टाकावेत. एका वेळी एकाच गाडीचे चाक काढलेले असावे. जेवणाला भाकरी, पिठले आणि ठेचा पुरतो. ते ज्या घरी काम चालते त्या घरावर न टाकता प्रत्येकाने डबा आणावा. ग्रीस, रॉकेल, चिंध्या यांचा खर्च सर्वांत वाटून घ्यावा आणि सुट्या भागांचा ज्याचा त्याने द्यावा. हिशेब त्याच संध्याकाळी वहीत पुरा करावा.

चार वाजता नवे काम थांबवावे. ज्याने नट आवळले त्याच्याखेरीज दुसऱ्याने चाकांचे, ब्रेकचे आणि हँडलचे नट पुन्हा तपासावेत, नंतर मालकाने गल्लीत सावकाश फेरी मारून दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत. नवे लायनर सुरुवातीला कमी पकडतात, हे त्याला आधी सांगावे. पुढच्या रविवारी सर्वांनी पंधरा मिनिटांसाठी पुन्हा जमावे: चेनची ढिलाई, तेलाची पातळी आणि मागच्या चाकाचा नट एवढेच पाहायचे असते, आणि हरवलेला १० क्रमांकाचा पाना बहुधा त्याच दिवशी कुणाच्या तरी सीटखाली सापडतो.